ओतशाळेचा ताप

हैदराबादेत आबिड्सच्या रहदारीतून फतेह मैदानाकडे निघालेल्या वाटसरूला थोड्याच अंतरावर एक नाव भेटते : गनफाउंड्री. जुने हैदराबादकर याच जागेला ‘तोप का साँचा’ म्हणत आले. आज तेथे बँका आहेत, शाळा आहेत, सेंट जोसेफ कॅथेड्रलचे मनोरे आहेत; तोफ मात्र ओतली जात नाही. शेजारच्या आबिड्सला त्याचे नाव मिळाले ते सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी असलेल्या अल्बर्ट आबिद या आर्मेनियन गृहस्थावरून, म्हणजे पुष्कळच उशिरा. तोफांचा साचा त्याहून जुना. अठराव्या शतकाच्या अखेरीस निजाम अली खानाच्या चाकरीत रेमंड नावाचा फ्रेंच सेनानी होता. कवायती पलटणी, त्यांची हत्यारे आणि त्यांच्या तोफा हा सारा संसार त्याने हैदराबादेतच मांडला, आणि ओतशाळा हा त्या संसाराचाच एक भाग होता. 1795 साली खर्ड्याच्या रणांगणावर मराठी फौजांसमोर निजामाचे जे कवायती पायदळ उभे राहिले ते याच रेमंडचे. 1798 साली तो वारला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी त्याच्या पलटणी मोडून टाकल्या. लोकांनी मात्र त्याला विसरू दिले नाही. मुसलमानांनी त्याला ‘मूसा रहीम’ केले, हिंदूंनी ‘मूसा राम’, आणि मूसारामबाग हे नाव शहरात अजून नांदते आहे.

सेनापतीचे नाव असे दोन-दोन धर्मांनी जपले. मुशीपुढे उभे राहणाऱ्या ओताऱ्यांची नावे जपण्याचे कारण कोणाला वाटले नाही. इतिहास तोफांची संख्या मोजतो, त्यांचा पल्ला सांगतो, त्या कोणत्या लढाईत कोणाच्या हाती पडल्या हे नमूद करतो. धातूचा रस साच्यात ओतताना जो धूर उठे आणि जो ओताऱ्याच्या छातीत जाई, त्याचा इतिहास निराळा आहे. तो दवाखान्यांत, प्रयोगशाळांत आणि कामगारांच्या तोंडी परंपरेत विखुरलेला आहे. त्याची सुरुवात शोधताना हैदराबादेहून बरेच दूर जावे लागते, पण शेवट पुन्हा आबिड्सच्या आसपासच्या गल्ल्यांतच येऊन मिळतो.

प्रथम धुराची ओळख करून घेणे बरे. तोफेचे कांसे म्हणजे मुख्यत्वे तांबे आणि त्यात दहाव्या हिश्शाच्या आसपास कथील. देवळातल्या वा चर्चमधल्या घंटेत कथील याच्या दुपटीने असते. एकाच मुशीतून निघालेले हे दोन सोयरे, एक माणसांना जवळ बोलावणारा आणि दुसरा दूर पळवणारा! परंतु जुन्या काळी मुशीत नेहमी नवा, निवडलेला धातूच पडे असे नाही. मोडीची भांडीही त्यात जात. 1757 साली लाहोरला ओतलेली प्रसिद्ध ‘झमझमा’ तोफ तर घरोघरच्या तांब्यापितळेच्या भांड्यांतूनच घडली अशी तिची ख्याती आहे. पितळ आले की त्याच्यासोबत जस्त आले, आणि खरी गोष्ट येथेच सुरू होते. तांबे वितळायला 1085 अंश सेल्सिअसपर्यंत आच लागते, तर जस्त 907 अंशांनाच उकळू लागते. तेव्हा पितळेचा रस होऊ लागला की त्यातील जस्त वाफ होऊन वर येते, हवेला भेटताच पेट घेते आणि पांढऱ्या कापसासारख्या धुराच्या रूपाने ओतशाळेत तरंगू लागते. युरोपातील किमयागारांनी या पांढऱ्या पदार्थाला ‘तत्त्वज्ञाची लोकर’ असे गमतीदार नाव दिले होते. रसायनशास्त्र त्याला जस्ताचे ऑक्साइड म्हणते.

हा धूर छातीत गेला तर तत्काळ काहीच होत नाही, हेच त्याचे पहिले कपट. ओतारी दिवसभराचे काम आटोपतो, घरी जातो, भाकरी खातो. कामानंतर चार ते दहा तासांनी तोंडाला धातूची गोडसर चव येते, घसा कोरडा पडतो, तहान लागते. मग थंडी वाजून अंग कापू लागते, हातपाय फुटतात, ताप चढतो. मध्यरात्री दरदरून घाम येतो, आणि दुसऱ्या किंवा फार तर तिसऱ्या दिवशी मनुष्य खडखडीत बरा होऊन पुन्हा भट्टीपुढे उभा राहतो. थंडी, ताप, घाम हा क्रम वाचून कोणत्याही भारतीय वाचकाच्या मनात हिवतापाचेच नाव येईल. डॉक्टरांच्याही मनात तेच आले. इंग्लंडात लीड्सचे डॉक्टर चार्ल्स टर्नर थॅकरा यांनी 1831 साली निरनिराळ्या धंद्यांतील रोगांवर पुस्तक लिहिले, त्यात पितळ ओतणाऱ्यांच्या या तापाला कामगार ‘पितळी हिवताप’ म्हणतात अशी नोंद आहे. 1862 साली डॉक्टर एडवर्ड ग्रीनहाऊ यांनी या विकारावर स्वतंत्र निबंध वाचला. त्याच्या मथळ्यातही हिवतापाचाच शब्द आहे.

नियतीचा योगायोग असा की, हिवतापाचे खरे मूळ सापडले ते याच हैदराबाद संस्थानाच्या भूमीवर. सिकंदराबादेस लष्करी वैद्य असलेले रोनाल्ड रॉस यांनी 20 ऑगस्ट 1897 रोजी बेगमपेठ येथे डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. हिवतापाला तर एक ठाम कसोटी त्याआधीच मिळालेली होती : रक्ताच्या थेंबात जंतू आहे की नाही. ओताऱ्याच्या रक्तात तो नसतो. तेव्हा डासावाचून, जंतूवाचून येणारा आणि तरीही हिवतापाचे सोंग हुबेहूब वठवणारा हा दुसरा ताप कोठून येतो, हा प्रश्न अधिकच उघडा पडला.

कामगारांना मात्र त्याविषयी डॉक्टरांपेक्षा एक गोष्ट जास्त माहीत होती. ताप बहुधा सोमवारी येई. रविवारची सुटी घेऊन कामावर परतलेला मनुष्य त्या रात्री हमखास कुडकुडे. मंगळवार, बुधवार, गुरुवार तोच धूर, तीच भट्टी, पण ताप नाही. पुन्हा सुटी, पुन्हा ताप. म्हणूनच इंग्रजी मुलखात त्याला ‘सोमवारचा ताप’ असेही नाव पडले. विष असते तर रोजच्या रोज साचून आठवड्याच्या शेवटी भिनले असते. हा पाहुणा नेमका उलट्या वारी येई. तेव्हा हे साधे विष नव्हे, शरीरच काहीतरी शिकते आणि विसरते, हे त्या सोमवारात दडलेले होते. ते उलगडायला प्रयोगशाळांना शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

उपायही कामगारांनीच शोधले होते. युरोपात ओतारी दूध पीत. आपल्याकडे धुळीत वा धुरात राबणारा मजूर कामानंतर गुळाचा खडा तोंडात टाकतो. दूध पोटात जाते, छातीत नव्हे. तेव्हा त्याने घशाला आराम पडण्यापलीकडे फार काही होत असेल असे मानण्यास आधार नाही. गुळाची गोष्ट थोडी निराळी. लखनौच्या विषविज्ञान संस्थेतील संशोधकांनी उंदरांच्या फुप्फुसांत कोळशाची व सिलिकाची धूळ घालून त्यांना गूळ खाऊ घातला, तेव्हा धूळ फुप्फुसांतून बाहेर सरकण्यास मदत होते असे त्यांना 1994 साली आढळले. अर्थात उंदराचा प्रयोग म्हणजे माणसाची खात्री नव्हे. मालकांनी गुळाची ढेप आणून ठेवून धुराडे बांधण्याचे टाळावे, इतका पुरावा तर त्यात मुळीच नाही.

प्रयोगशाळेत पहिले ठोस पाऊल पडले ते जर्मनीत. वुर्त्सबुर्गचे प्राध्यापक कार्ल लेमान यांनी 1910 साली शुद्ध जस्त जाळून त्याचा धूर दिला आणि ताप उत्पन्न करून दाखवला. तांबे नाही, शिसे नाही, आर्सेनिक नाही, जस्तच. त्यांनी कारणही सुचवले. त्यांच्या मते हा धूर श्वासनलिकेच्या पेशी मारतो, त्या मेलेल्या पेशींचे प्रथिन रक्तात शोषले जाते आणि त्यानेच ताप येतो. तपशिलात हे चुकीचे होते. परंतु ताप जस्त देत नसून शरीरातील काहीतरी देते, हा त्यातील गाभा पुढे खरा ठरला. त्यानंतर 1920 च्या दशकात अमेरिकेत हार्वर्डला फिलिप ड्रिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना मोजून धूर देऊन पुन्हा पुन्हा निरीक्षणे केली, आणि सोमवारची सवय प्रयोगातही दिसते हे दाखवले. पोलिओच्या रोग्यांना जगवणारे लोखंडी फुप्फुस बनवले ते हेच ड्रिंकर.

एक कोडे तरीही उरलेच होते. जस्ताचे हेच ऑक्साइड मलमात घालून लहान मुलांच्या अंगाला लावतात. दुकानात ते पुडीने मिळते. मग भट्टीवर उठलेल्या त्याच पदार्थाने असे काय करावे? उत्तर होते कणांच्या आकारात. वाफ थिजून जे कण जन्मतात त्यांचा व्यास पुष्कळदा 100 नॅनोमीटरच्या आत असतो. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाडीचा भरतो. नॅनो हा शब्द अलीकडच्या कारखान्यांनी आणि जाहिरातींनी गाजवला खरा, पण माणसाने हे कण पहिल्यांदा निर्माण केले ते भट्टीत, आणि पहिल्यांदा श्वासात घेतले तेही भट्टीपुढेच.

लहानपणाने काय बिघडते ते एका साध्या हिशेबाने कळते. एक सेंटिमीटर बाजूचा धातूचा ठोकळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग होतो 6 चौरस सेंटिमीटर. तोच ठोकळा 10 नॅनोमीटरच्या तुकड्यांत चिरला, तर वजन तेच राहून पृष्ठभाग होतो 600 चौरस मीटर. शरीराशी गाठ पडते ती पृष्ठभागाची. अमेरिकेत रॉचेस्टर येथे गुंटर ओबरडॉर्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात उंदरांना टायटॅनियम ऑक्साइडची दोन प्रकारची भुकटी हुंगायला दिली, एक सुमारे 20 नॅनोमीटर कणांची, दुसरी सुमारे 250 नॅनोमीटरची. पदार्थ तोच असूनही बारीक भुकटीने फुप्फुसांचा दाह कितीतरी अधिक झाला. वजनाऐवजी पृष्ठभाग मोजून हिशेब मांडला, तेव्हा दोन्ही भुकट्यांचे आकडे एका रेषेत येऊन बसले. तराजूने मोजण्याची वैद्यांची जुनी सवय येथे अपुरी पडली.

आता हे कण जातात कोठे ते पाहू. जाडी धूळ नाकाच्या केसांत आणि घशाच्या चिकट द्रवात अडकते. 20 नॅनोमीटरच्या आसपासचा कण मात्र हवेच्या झोताबरोबर थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत उतरतो, आणि श्वासातील अशा कणांपैकी जवळजवळ निम्मे तेथेच मुक्काम करतात. तेथे कोट्यवधी वायुकोश आहेत. ते पसरले तर त्यांचा विस्तार 70 चौरस मीटरांच्या वर जाईल. हवा आणि रक्त यांमधला पडदा एक सहस्रांश मिलिमीटरहूनही पातळ असतो. या नाजूक अंगणात झाडलोट करायला एक जातीच्या पेशी फिरत असतात, महाभक्षी पेशी. परक्या कणाला वेढून गिळून टाकणे हे त्यांचे काम. पेशी असे गिळते हे रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पिलात 1882 साली पाहिले होते. त्या विचारासाठी त्यांना 1908 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

महाभक्षी पेशी जस्ताचा कण गिळते आणि तिथेच फसते. गिळलेला माल ती आपल्या पोटातील आम्लाच्या पिशवीत, म्हणजे लयकारिकेत, टाकते. जिवाणू तेथे मरतो. जस्ताचे ऑक्साइड तेथे विरघळते आणि त्याचे विद्युत्भारित अणू एकदम मोकळे होतात. बाहेरून नुसते विरघळलेले जस्त आले असते तर पेशीच्या दारावर त्याला अडवता आले असते. हे मात्र पेशीने स्वतःच्या हाताने आत आणले. ट्रॉयच्या लाकडी घोड्याची उपमा शास्त्रज्ञांनी येथे वापरली आहे आणि ती फार समर्पक आहे. लयकारिका फाटते, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका बिघडतात, आणि ऑक्सिजनची अत्यंत दाहक रूपे पेशीत भटकू लागतात. लोखंड व तांबे यांचे कण तर रासायनिक देवघेवीने ही आग आणखी भडकवतात.

या बिघाडाची खबर पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचते कशी, हा अलीकडच्या जीवशास्त्रातला अतिशय रम्य भाग आहे. पेशीच्या द्रवात एनएफ-कप्पाबी नावाचे एक प्रथिन एरवी जखडून ठेवलेले असते. 1986 साली अमेरिकेत रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते प्रथम ओळखले. पेशी संकटात आली की विकरांची एक साखळी चालू होते, एक दुसऱ्याला खूण करतो, दुसरा तिसऱ्याला, आणि अखेर त्या प्रथिनाची बेडी तुटते. ते केंद्रकात शिरते आणि ठरावीक जनुके जागी करते. त्या जनुकांच्या हुकमाने पेशी सायटोकाइन नावाचे निरोप्ये बाहेर पाठवते. एक निरोप्या रक्तातील न्यूट्रोफिल या शिपाई पेशींना फुप्फुसात धावत यायला सांगतो. दुसरे निरोप रक्तावाटे मेंदूतील तापमान राखणाऱ्या केंद्राला पोहोचतात, आणि ते केंद्र शरीराचा काटा वर चढवते. थंडी वाजते ती याच क्षणी. ताप जस्ताने दिलेला नसतो. तो फुप्फुसाने मारलेल्या हाकेचा असतो.

ही कल्पना नुसती कागदावर राहिली नाही. सॅन फ्रान्सिस्को येथे पॉल ब्लँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकाच्या आरंभी स्वयंसेवक वेल्डरांना जस्ताचा मुलामा दिलेले पोलाद जोडायला लावले आणि नंतर ठरावीक तासांनी त्यांची फुप्फुसे खारट पाण्याने धुऊन ते पाणी तपासले. तीन तासांनी पहिला निरोप्या, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, वाढलेला होता. पुढच्या तासांत इंटरल्यूकिन-8 आणि इंटरल्यूकिन-6 वाढले आणि त्यांच्यामागोमाग न्यूट्रोफिलांची फौज. ओताऱ्याला ताप रात्रीच का येतो, भट्टीपुढे का नाही, याचा जबाब या वेळापत्रकात आहे. निरोप निघायला, पोहोचायला आणि मानला जायला तेवढे तास लागतात.

सोमवारचे रहस्यही बऱ्याच अंशी उलगडले. घोड्याच्या मूत्रपिंडातून 1957 साली मेटॅलोथायोनीन नावाचे एक प्रथिन वेगळे करण्यात आले. जस्तासारखे धातू पेशीत आले की ते वाढू लागते आणि मोकळ्या धातूला कवटाळून निरुपद्रवी करते. शिवाय रोज रोज हाक ऐकून पेशीही काहीशा बधिर होतात. धूर थांबला की हा बंदोबस्त एक-दोन दिवसांत ओसरतो, आणि सुटीनंतर छाती पुन्हा नवखी होते. मंगळवारी ताप आला नाही याचा अर्थ धूर निरुपद्रवी झाला असा मात्र नाही. हाकेला उत्तर मिळेनासे झाले, इतकेच. न्यूमोनियाचा धोका वेल्डरांना इतरांपेक्षा जास्त असतो हे पुढे अनेक देशांत दिसून आले, आणि 2017 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगच्या धुराला मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवले.

हैदराबादेत हा विषय जुन्या तोफांबरोबर संपलेला नाही. आबिड्सच्या दुकानांत ज्या काळ्याभोर बिदरी सुरया आणि डब्या मांडलेल्या असतात, त्यांचा धातू बहुतांशी जस्तच, तांबे त्यात अगदी थोडे. 1956 पर्यंत बिदर हैदराबाद राज्यातच होते आणि मराठवाड्याचे शेजारी होते. चांदीची नाजूक वेलबुट्टी पाहताना तिच्याखालचे ते ओतीव जस्त कोणाच्या नजरेत भरत नाही. महाराष्ट्रात भंडाऱ्याचे पितळ असेच प्रसिद्ध आहे. शहरोशहरी फाटके, जाळ्या आणि पत्र्याच्या शेड जोडणारी वेल्डिंगची दुकाने आहेत, तेथे जस्ताचा मुलामा जळतो तेव्हा तोच पांढरा धूर निघतो. 1948 च्या कारखाने कायद्याने विजेवर चालणाऱ्या कामात दहा माणसे असल्यावाचून कारखाना मानला नाही. अशा दुकानांत बहुधा दोन-चारच असत. दोन दिवसांत आपोआप जाणारा ताप घेऊन दवाखान्यात जाण्याइतकी त्यांची मजुरीही नसे. त्यामुळे कागदोपत्री हा रोग जणू अस्तित्वातच नाही.

सराफ्यात याच धुराचा एक घातकी भाऊ वावरत आला. दागिना झाळण्यासाठी सोन्यात कॅडमियम मिसळत. ‘केडीएम’ ही अक्षरे दुकानांच्या पाट्यांवर ग्राहकांनी वर्षानुवर्षे वाचली आणि शुद्धतेची खूण समजून पैसे मोजले. कॅडमियम 767 अंशांनाच उकळते. त्याचा धूर सोनार वाकून, फुंकणीने ज्योत फिरवीत, नाकापासून वीतभर अंतरावर ओढत असे. भारतीय मानक ब्यूरोने पुढे या पद्धतीस मनाई केली, तरी लहान पेढ्यांतली जुनी सवय एका फतव्याने जात नाही. कॅडमियमच्या धुरानेही पहिल्या रात्री नुसती थंडी, ताप आणि खोकला येतो, अगदी जस्तासारखा. रोगी आणि वैद्य दोघेही निर्धास्त राहतात. जस्ताचा ताप उतरतो त्याच सुमारास, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कॅडमियमच्या रोग्याची फुप्फुसे पाण्याने भरू लागतात, आणि त्यात माणसे दगावलेली आहेत. म्हणून जाणता डॉक्टर अशा रोग्याला आदल्या दिवशी कोणता धातू तापवला हे प्रथम विचारतो, आणि कॅडमियमचे नाव निघाले तर ताप उतरला तरी त्याला घरी न पाठवता दोन-तीन दिवस नजरेखाली ठेवतो.